जुन्या पॅसेजची नक्षीदार फरशी: आधी ओल शोधा, मग पॉलिशचं बोला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. पुण्यात एरंडवण्यात आजोबांनी १९३८ साली बांधलेला बंगला. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जाणारा लांब पॅसेज, त्यात लाल, काळ्या आणि पिवळसर नक्षीच्या फरश्या, दोन्ही कडांना वेगळी पट्टी. मधल्या काही फरश्या पाय पडला की हलतात. दोन ठिकाणी कुणीतरी राखाडी सिमेंटची ठिगळं लावून ठेवली आहेत. बागेकडच्या भिंतीलगत पांढरी पूड येते आणि सगळीच फरशी मळकट दिसते. एक कंत्राटदार म्हणतो उखडा आणि व्हिट्रिफाइड टाइल्स टाका. दुसरा म्हणतो ॲसिडने धुऊन मशीन मारू, नवीकोरी होईल. आई ७८ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात, त्यामुळे घसरडं काही नको.

दोघांचंही ऐकू नका. उखडून टाकावी असं तुमच्या वर्णनात मला काहीही दिसलं नाही. ॲसिड आणि मशीनने मात्र चांगली फरशी कायमची खराब होईल, आणि पुढच्या पिढीला खरोखरच ती उखडावी लागेल.

तुम्ही विचारलंय चमकेबद्दल. मला यात तीन वेगवेगळी दुखणी दिसतात. खालून येणारं पाणी, फरशीखालचा सुटलेला माल (फरशी ज्यात बसवतात ते चुन्याचं मिश्रण), आणि वरचा मळ. तिन्ही एकाच फरशीवर दिसत असल्यामुळे एकच वाटतात, आणि दोन्ही कंत्राटदारांनी फक्त तिसऱ्याचा भाव सांगितलाय. यातलं कोणतं किती हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. पण कामाचा क्रम ठरलेला आहे: पाणी, मग फरशीखालची बैठक, मग पृष्ठभाग. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात.

त्याआधी तुमच्या पायाखाली नेमकं काय आहे ते ओळखू. नक्षीच्या फरश्या दोन जातींच्या असतात. एक भट्टीत भाजलेल्या मातीची. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्याच्या फरश्या यात सगळ्यांत नावाजलेल्या. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आजही बघायला मिळतात. दुसरी जात सिमेंटची, अजिबात न भाजलेली, प्रेसमध्ये दाबून केलेली. स्वदेशीच्या लाटेत १९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी निघाली, आणि त्यानंतरच्या काळात अशा देशी बनावटीच्या फरश्या मध्यमवर्गीय बंगल्यांपर्यंत पोचल्या. तुमच्या घराचं साल बघता ही दुसरी जात असण्याची शक्यता जास्त.

ती कशी बनते हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. धातूच्या साच्यात कप्प्यांची जाळी ठेवतात आणि प्रत्येक कप्प्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं पातळ मिश्रण ओततात. जाळी अलगद उचलली की रंग जागच्या जागी राहतात. मागून कोरड्या सिमेंट-रेतीचा थर पडतो, तो रंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेतो. त्यावर आणखी जाड थर, आणि मग दाब. नंतर फरशी पाण्यात मुरवतात. म्हणजे तुमची नक्षी हा साधारण ३ ते ५ मिलिमीटरचा रंगीत थर आहे, आणि त्याच्याखाली साधं राखाडी सिमेंट. ८५ वर्षांच्या चालण्याने त्यातला थोडा भाग आधीच गेलेला आहे. उरलेला थर पुन्हा कधीही भरून येणार नाही, हे धरूनच प्रत्येक निर्णय घ्यायचा.

ओळखायला सोपं आहे. जी फरशी हलते ती उचला आणि तिची कड बघा. वर रंगाची बारीक पट्टी, खाली राखाडी, साधारण ८ इंच चौरस आणि पाऊण इंचाच्या आसपास जाड असेल तर सिमेंटची. कड आतपर्यंत भाजलेल्या मातीची दिसत असेल, आकार लहान असतील किंवा ६ इंचांचे असतील, तर मातीची. तरीही शंका असेल तर एखाद्या निकामी तुकड्याच्या रंगीत कडेवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर सिमेंट आणि संगमरवर. हा प्रयोग चांगल्या फरशीवर करायचा नाही. पुढचं सगळं मी ती सिमेंटची आहे असं धरून लिहितोय. मातीची निघाली तर धुण्याच्या बाबतीत ती जास्त सोशिक असते, पण मशीनला ‘नाही’ हे उत्तर तिथेही तेच.

त्या बुडबुड्यांतच ॲसिडचं उत्तर आहे. व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने जे होतं, ते बाथरूमच्या ॲसिडने कितीतरी जोरात होतं. वरचा थर विरघळतो, मळही त्याच्याबरोबर निघतो, म्हणून त्या दिवशी फरशी उजळ दिसते. पण पृष्ठभाग खरखरीत झालेला असतो, त्यामुळे काही महिन्यांत पूर्वीपेक्षा जास्त मळ धरतो. शिवाय ॲसिड आणि सिमेंट एकत्र येऊन तयार झालेले क्षार सांध्यांतून आत उतरतात आणि पुढे ओलीबरोबर पांढरे होऊन वर येतात. तुमच्याकडे पांढरी पूड आधीच आहे, त्यात ही भर नको.

मशीनचं दुखणं वेगळं. मोझॅक पॉलिशचं जड मशीन मोझॅकसाठी आहे. मोझॅकचा वरचा थर जाड असतो आणि खाली घासलं तरी तीच खडी निघते. तुमची फरशी ८५ वर्षांत थोडी वरखाली झालेली असणार. मशीनचा दगड सपाट असतो, त्यामुळे तो उंच आलेले कोपरेच आधी खातो. तिथला रंग जाऊन राखाडी दिसायला लागलं की कितीही पॉलिश केलं तरी परत येत नाही. पॉलिशवाले शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड घासून चमक आणतात. मोझॅकवर ते चालत आलंय, पण तेही आम्लच, म्हणून नक्षीच्या फरशीवर मी होऊ देत नाही.

आता पाण्याकडे येतो, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण तुमचं निम्मं काम पॅसेजच्या बाहेर आहे.

त्या काळी जोत्यात मुरमाची भर घालायचे, पाणी मारून धुम्मस करायचे (ठोकून घट्ट बसवायचे), त्यावर चुना आणि विटांच्या चुऱ्याचा माल पसरून फरशी बसवायचे. खाली प्लास्टिकचा कागद नसायचा. जमिनीतली ओल थोडी वर यायची, चुन्यातून आणि सांध्यांतून हळूहळू उडून जायची, आणि दारं-खिडक्या दिवसभर उघड्या असल्यामुळे कुणाला कळायचंही नाही. ही रचना उत्तम होती. ती बिघडली आपण नंतर केलेल्या गोष्टींमुळे.

बाहेर जाऊन बागेच्या बाजूची भिंत बघा. अंगणात पेव्हर ब्लॉक घालताना अंगण ४-६ इंच उचललं गेलंय का? जोतं पूर्वी जितकं उंच होतं तितकं अजून दिसतं का, की मातीत गडप झालंय? भिंतीला टेकून वाफे किंवा कुंड्या आहेत का? पावसाळी पन्हळीचा पाइप खाली कुठे सुटतो? एसीच्या पाण्याची नळी भिंतीपाशीच ठिबकते का? बाहेरच्या नळाखाली चौथरा आहे का, आणि त्याचा उतार कुठे आहे? भिंतीत जुना लोखंडी पाइप असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा फिरतो का ते बघा. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांत ‘जमिनीतून ओल येते’ असं जिथे सांगतात, तिथे बहुतेक वेळा कारण या यादीतच सापडतं, आणि उपाय गवंड्यापेक्षा प्लंबरकडे आणि माळ्याकडे असतो.

पांढऱ्या पुडीला आपण लोणा म्हणतो. ओल क्षार घेऊन वर येते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ही पूड पाण्याने पुसू नका. पाण्यात विरघळून ती परत फरशीत शिरते. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करा, घराबाहेर टाका. भिंतीच्या गिलाव्यालाही लोणा असेल आणि तिथे कुणी सिमेंटचा गिलावा किंवा वॉटरप्रूफ रंग मारलेला असेल, तर तिकडून कोंडलेली ओल फरशीकडे वळलेली असू शकते. अशा वेळी भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा खरवडून चुन्याच्या गिलाव्याने करावा लागतो. ते प्रत्यक्ष बघूनच ठरवता येईल.

ओल किती आहे हे मोजायला उपकरण लागत नाही. दोन फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने फरशीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. एक भिंतीलगत, एक पॅसेजच्या मध्यावर. खालून दव जमलं किंवा फरशी गडद झाली तर ओल वर येतेय. हा प्रयोग एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा मार्चमध्ये करा. दोन्ही वेळा ओल दिसली तर बहुधा कुठेतरी पाइप गळतोय किंवा रोजचं पाणी भिंतीपाशी मुरतंय. फक्त पावसाळ्यात दिसली तर बाहेरच्या उताराचा आणि पन्हळीचा प्रश्न. ही एवढी माहिती हातात असली की कंत्राटदाराशी बोलणं फार सोपं होतं.

आणखी एक, घरातल्या जुन्या माणसांना विचारा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पेठांबरोबर डेक्कनच्या काही भागातही पाणी शिरलं होतं. तुमच्या घरात ते आलं होतं का? आलं असेल तर फरशीखालच्या भरीत गाळ असू शकतो, आणि गाळ मुरमासारखा पाणी सोडत नाही.

बैठकीचं काम तुम्हाला स्वतःला तपासता येईल. लाकडी मुठीने प्रत्येक फरशीवर हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ती बसलेली आहे. बद्द आवाज आला तर खाली पोकळी. खडूने खुणा करत जा, आणि मग उभं राहून खुणांचा आकार बघा. इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर वयाने माल सुटलाय, फारशी काळजी नको. एका सरळ रेषेत असतील तर त्या रेषेखाली ड्रेनेजचा पाइप जातोय का ते शोधा. जुन्या भाजक्या पाइपांचे सांधे सुटले की आजूबाजूची भर वाहून जाते. एका जागी गोल खळगा असेल आणि बाहेर जोत्यापाशी ताजी उकरलेली माती दिसत असेल, तर घूस. पुण्याच्या जुन्या घरांत फरशी बसण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. घुशीचं बीळ नुसतं सिमेंटने बुजवून उपयोग होत नाही, ती शेजारून नवीन काढते. आधी तिचा बंदोबस्त करा, ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं घट्ट करा, मग बिळात दगड, विटांचे तुकडे आणि चुन्याचा माल दाबून भरा.

बद्द वाजणारी प्रत्येक फरशी उचलायची नाही. हलत नाही, खचलेली नाही, कडा शाबूत आहेत, तर तिला तसंच राहू द्या. उचलताना चांगली फरशीही फुटू शकते, हा धोका विनाकारण का घ्यायचा? हलणाऱ्या, खचलेल्या आणि कड वर आलेल्या फरश्याच काढा. कड दोन-तीन मिलिमीटर जरी वर असली तरी आईंच्या वॉकरचा पाय तिथे अडकेल, म्हणून तुमच्या घरात ही कामं सगळ्यांत आधी. वर आलेली कड घासून सपाट करायची नाही. फरशी उचलायची आणि खाली बसवायची.

उचलण्यापूर्वी पूर्ण पॅसेजचे वरून फोटो काढा, कागदावर आराखडा काढून प्रत्येक फरशीला नंबर द्या, आणि तोच नंबर उचलल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा. ‘सगळ्या सारख्याच तर आहेत’ असं गवंडी म्हणेल. नसतात. ८५ वर्षांत प्रत्येक फरशी शेजारणीबरोबर झिजलेली असते, जागा बदलली की कडा जुळत नाहीत. सुरुवात जी आधीच फुटकी किंवा सुटी आहे तिथून करा. सांध्यातला माल हॅकसॉच्या पात्याने हळूहळू कापा, मग खालून पातळ पट्टी सारून फरशी सोडवा. छिन्नी शेजारच्या फरशीच्या कडेवर टेकवून हातोडी मारली की ती गेलीच.

परत बसवताना चुन्याचाच माल वापरा. पाण्यात चांगला विरवलेला चुना एक भाग, विटांचा चुरा आणि चाळलेली रेती मिळून साधारण तीन भाग. रेती आणि चुना कसा आहे त्यावर प्रमाण थोडं बदलतं, म्हणून आधी एका फरशीवर करून बघा. विटांच्या चुऱ्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो, आणि ओल कोंडून न ठेवता बाहेर जाऊ देतो. गवंडी सिमेंट मागेल, कारण दुसऱ्या दिवशी काम संपवायचं असतं. कडक सिमेंटवर बसवलेली फरशी पुढे कधीच अखंड निघत नाही, आणि आजूबाजूची चुन्यावरची फरशी हलली की मधली सिमेंटवरची तडकते. मधल्या दोन ठिगळांभोवतीच्या फरश्यांना बारीक तडे आहेत का बघा. असले तर कारण हेच. फरशीची पाठ खरवडून स्वच्छ करा, पाण्यात बुडवून काढा, ओलसर असतानाच बसवा. नंतर आठवडाभर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि त्यावरून चालू नका. चुना हाताला आणि डोळ्यांना भाजतो, त्यामुळे रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच.

सांधे या फरश्यांत मुळातच बारीक असतात, दीड मिलिमीटरच्या आसपास. ते रुंद करू नका. पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून पातळ भरा, पण त्याआधी फरशी ओली करून घ्या आणि लगेच पुसा, नाहीतर काळा रंग पिवळ्या नक्षीत झिरपतो.

ठिगळांच्या जागी काय घालायचं, हा प्रश्न बहुतेकांना सगळ्यांत मोठा वाटतो, पण तो सगळ्यांत सुटण्यासारखा आहे. आधी घरातच शोधा. जिन्याखाली, कोठीत, मोठ्या कपाटामागे, माळ्यावर. बांधताना दहा-पंधरा फरश्या जास्तीच्या आणून ठेवायची पद्धत होती. तिथे सापडल्या नाहीत तर कोठीतल्या चार-पाच फरश्या काढून पॅसेजमध्ये लावा आणि कोठीत साधी फरशी घाला. तेही शक्य नसेल तर आसपासच्या पुनर्विकासाकडे बघा. प्रभात रोड, भांडारकर रोड, लॉ कॉलेज रोड या भागांत त्याच वयाचे बंगले पाडले जातायत, आणि एकाच काळात बांधलेल्या घरांत एकच नक्षी अनेकदा सापडते. पाडकामाचा ठेकेदार लाकूड आणि लोखंड विकतो, फरश्या भरावात जातात. काम सुरू होण्याआधी जाऊन विचारलंत तर बहुतेक वेळा देऊन टाकतो. मला या गोष्टीची खरंच हळहळ वाटते. जी फरशी शेजारच्या घराला हवी असते ती डंपरमध्ये जाते, कारण कुणी विचारलेलंच नसतं.

नवीन करून घ्यायची असेल तर हातबनावटीच्या सिमेंट फरश्या आजही मिळतात. तुमची नक्षी त्यांच्या साच्यांत असेल तर उत्तम, नसेल तर नवा साचा करावा लागतो आणि चार फरश्यांसाठी तो महाग पडतो. नमुना म्हणून धुतलेली, कोरडी, कमी झिजलेली फरशी द्या. मळकट फरशीवरून रंग जुळवला तर सफाई झाल्यावर नवीनच मळकी दिसेल. जाडी मोजून सांगा. आणि नवीन फरशी अशी लावा की ती पॅसेजच्या मध्यावर न येता भिंतीकडे येईल. जुनी आणलेली मध्ये, नवी कडेला. मोरोक्कन छापाच्या सिरॅमिक टाइल्स मात्र ठिगळ म्हणून लावू नका. त्यांची चकाकी वेगळी आणि झीज वेगळी, दहा वर्षांनी त्या आणखी उठून दिसतील.

बारीक तडे तसेच राहू द्या. कोपऱ्याचा टवका उडाला असेल तर पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि ऑक्साइडचा रंग यांनी भरता येतो. रंगाचे तीन-चार नमुने आधी पुठ्ठ्यावर लावून दोन दिवस वाळू द्या, कारण वाळल्यावर सगळे रंग फिके पडतात.

आता मळ. इथपर्यंत आलात तर हे काम अगदी सोपं आहे. आधी कोरडं झाडा आणि व्हॅक्यूम करा, कारण रेतीचे कण ओल्या ब्रशखाली सँडपेपरचं काम करतात. मग कोमट पाणी, तटस्थ साबण (डबीवर पीएच ७ च्या आसपास लिहिलेलं असतं) आणि नायलॉनचा मऊ ब्रश. एका वेळी दोन-तीन फुटांचाच भाग घ्या. साबण दहा मिनिटं राहू द्या, घासा, पाणी स्पंजने लगेच टिपून घ्या, स्वच्छ पाण्याने पुन्हा टिपा. बादलीने ओतायचं नाही, सांधे उघडे आहेत. दोन-तीन फेऱ्या लागतील आणि पहिल्या फेरीनंतर फरक फारसा दिसणार नाही, घाबरू नका. साबणाने न जाणारा पिवळट-काळपट थर बहुधा जुन्या मेणाच्या पॉलिशचा असतो. तो मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो, खिडक्या उघड्या ठेवून.

देवघर पॅसेजला लागून असेल तर समईच्या तेलाचे डाग असणार. त्यासाठी मुलतानी मातीत टर्पेंटाइन कालवून डागावर जाड लेप द्या, वर प्लास्टिक झाका, एक दिवस ठेवा, मग प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्या. माती वाळताना तेल ओढून घेते. जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. लेप असताना जवळ समई किंवा उदबत्ती लावू नका. हळदीचा डाग उन्हात आपोआप फिका होतो, त्याच्या मागे लागू नका. ट्रंकेच्या किंवा कपाटाच्या पायाचा गंजाचा डाग मात्र तसाच ठेवलेला बरा, तो काढणारी बहुतेक औषधं आम्लाची असतात. सिमेंटचे शिंतोडे असतील तर ते ओले करून लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या पात्याने खरवडा.

चमक आणि घसरण यांबद्दल. दुकानात ‘सीलर’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक वर काचेसारखा थर धरणारी, चकचकीत. ती नको. ओल्या पायाला ती घसरते आणि खालची ओल अडवते. अडलेल्या ओलीतले क्षार रंगाच्या थराखालीच खडे होतात आणि फरशीचे पापुद्रे सुटतात. दुसरी आत झिरपणारी, सिलेन-सिलॉक्सेन प्रकारची. ती वर थर धरत नाही, वाफ बाहेर जाऊ देते आणि डाग आत शिरू देत नाही. फरशीचं मूळ रूप मंद, सायीसारख्या चमकेचं असतं, आणि तेच आईंच्या वॉकरला योग्य. हा झिरपणारा सीलरही आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर लावून आठवडाभर बघा. प्लास्टिकच्या प्रयोगात मार्चमध्येही दव आलं असेल तर कोणताच सीलर लावू नका. पाण्याचा बंदोबस्त होऊन एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या.

वेळेचं सांगायचं तर दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवा. पावसाळ्यात काही वाळत नाही, आणि मेच्या उन्हात चुना आतून पकडण्याआधीच वरून सुकतो. आईंना त्या काळात मागच्या दाराने ये-जा करता येईल का, हे आधी ठरवा. शक्य नसेल तर पॅसेजचे उभे दोन भाग करून एका वेळी अर्धाच घ्या. कामगारांना चौरस फुटाचा भाव देऊ नका. त्या भावात घाईच परवडते. हळू हाताचा एक गवंडी आणि एक मदतनीस रोजावर ठेवा, आणि पहिले दोन दिवस स्वतः तिथे थांबा. ज्याने कधी चुना मळलाय असा वयस्कर गवंडी मिळाला तर त्याच्या तारखा सांभाळून घ्या. घर महापालिकेच्या हेरिटेज यादीत असेल तर काम काढण्याआधी तिथे चौकशी करा.

नंतरची निगा फार नाही. रोज कोरडा झाडू, एक दिवसाआड घट्ट पिळलेलं फडकं. लिंबाचं, व्हिनेगरचं किंवा टॉयलेटचं कोणतंही क्लीनर पॅसेजच्या जवळ ठेवूच नका, कामाला येणाऱ्या बाईंनाही हे नीट सांगा. दाराबाहेर जाड काथ्याचं पायपुसणं टाका, कारण झीज होते ती चपलांखालच्या रेतीने. वॉकरचे रबरी बूच झिजले की आतला धातू फरशी ओरखडतो, ते वेळोवेळी बदला.

या आठवड्यात फक्त एवढं करा: प्लास्टिकचे दोन तुकडे चिकटवा, खडू घेऊन फरश्या ठोका, आणि बाहेरून जोत्याभोवती एक फेरी मारून पन्हळीचं आणि एसीचं पाणी भिंतीपासून लांब न्या. ओलीचं कारण सापडेपर्यंत कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.